घरातलं बोन्साय का गळतंय? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

दिवाळीत भेट आलेली बोन्साय डिसेंबर उजाडेपर्यंत पानं टाकायला लागतात आणि मग पत्रांचा ओघ सुरू होतो. या वेळची बहुतेक पत्रं नाशिक शहरातली आहेत, एक पिंपळगाव बसवंतचं. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी बऱ्याच पत्रांचं मूळ दुखणं एकच आहे: झाड उजेडापासून लांब ठेवलंय आणि पाणी मात्र उन्हातल्या झाडाइतकं मिळतंय. म्हणून पहिलं उत्तर जरा सविस्तर दिलं आहे. तुमचं झाड दुसरं असलं तरी ते आधी वाचावं.

प्रश्न : दिवाळीला ऑफिसमधून जाडजूड मुळांचं फायकस बोन्साय मिळालं. हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला ठेवलंय. रोज सकाळी न चुकता एक पेला पाणी घालते. तरी महिनाभरात निम्मी पानं पिवळी होऊन गळली. पाणी कमी पडतंय का? की झाड गेलंच? (कॉलेज रोड)

पाणी कमी नाही, जास्त होतंय. आणि ते जास्त होण्याचं कारण आहे झाडाची जागा.

‘जिनसेंग’ या नावाने विकलं जाणारं हे झाड म्हणजे फायकस मायक्रोकार्पा, आपल्या वडा-पिंपळाच्याच कुळातलं. खालचा फुगीर भाग म्हणजे मुळं. ती मातीत पोसली जातात आणि नंतर उघडी करून दाखवली जातात. वरचा पानांचा भाग बहुधा कलम केलेला असतो. नर्सरीत भरपूर उजेडात वाढलेलं झाड एकदम हॉलच्या कोपऱ्यात आलं की उन्हासाठी तयार झालेली पानं त्याला परवडत नाहीत, ती ते टाकून देतं. इथवर घाबरण्यासारखं काही नाही. उजेड बरा मिळाला तर फायकस नवी पानं काढतं. घात होतो तो मधल्या काळात. पानं निम्मी, उजेड अपुरा, म्हणजे झाडाचं पाणी पिणं फारच कमी झालेलं, आणि आपला पेला मात्र रोजचा. माती सतत ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं आणखी मलूल दिसतात; ती पाहून घरातलं कुणीतरी आणखी पाणी घालतं.

आधी झाड जिवंत आहे का ते बघा. एखाद्या बारीक फांदीच्या टोकाजवळ अंगठ्याच्या नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर बोटभर खाली येऊन परत खरवडा. हिरवं लागेल त्याच्या वरचा भाग कापून टाका. मग फुगीर मुळं दाबून पाहा. कच्च्या बटाट्यासारखी घट्ट लागली तर ठीक; बोट रुतलं तर आत सड आहे.

आता कुंडी. भेटीच्या बोन्सायमध्ये दोन गोष्टी हमखास गोत्यात आणतात. एक म्हणजे बाहेरची देखणी कुंडी बिनभोकाची, आत साधी प्लास्टिकची, आणि दोन्हींच्या मध्ये साचलेलं पाणी. दुसरी म्हणजे वर चिकटवून टाकलेले खडे, ज्यांच्यामुळे माती ओली की कोरडी ते कळतच नाही. खडे स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढा, बाहेरची कुंडी बाजूला करा. पाणी कधी घालायचं हे घड्याळाला विचारू नका. कबाबला वापरतात तसली बांबूची काडी मातीत दोन इंच खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. गडद, ओलसर निघाली तर पाणी नाही. जवळपास कोरडी निघाली तर कुंडी बादलीत काठापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण पाच ते दहा मिनिटं. मग पूर्ण निथळू द्या. वरून पेलाभर ओतण्यापेक्षा हे बरं, कारण कोकोपीटसारखा माल एकदा कडक वाळला की पाणी मुळांत न शिरता कुंडीच्या कडेने निघून जातं. नाशिकच्या डिसेंबरात ही वेळ आठवड्याने येईल, मे महिन्यात एक-दोन दिवसांनी. ‘रोज एक पेला’ हा हिशेब कुठल्याच महिन्यात लागू पडत नाही.

जागा हवी ती पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीपासून फूटभरात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येतं आणि ते फायकसला मानवतं. पश्चिमेची खिडकी फेब्रुवारीपर्यंत चालेल. मार्चपासून दुपारी काचेला टेकलेली पानं भाजतात. उजेड डोळ्यांनी जोखू नका, डोळे अंधाराला लगेच सरावतात. मोबाइलवर उजेड मोजणारं फुकट अ‍ॅप मिळतं. टीव्हीशेजारी ते शे-दोनशे लक्स (लक्स हे उजेडाचं माप) दाखवेल, खिडकीच्या काठावर काही हजार. ढोबळमानाने हजाराच्या खाली फायकस तग धरतं, वाढत नाही. चांगली खिडकीच नसेल तर पांढरा एलईडी दिवा झाडापासून फूटभरावर, रोज १२ तास. गॅलरीत न्यायचं तर आधी आठवडाभर सावलीत, मग सकाळचं ऊन; थेट गच्चीवर नेलं तर उरलीसुरली पानंही करपतील. रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो तेव्हा खिडकी बंद ठेवा किंवा कुंडी आत सरकवा.

मातीला नासका वास येत असेल किंवा मुळं मऊ लागली तर कुंडी लगेच बदला. एरवी थंडीत हे काम काढू नये. फायकसला फेब्रुवारीअखेर किंवा पावसाळ्याचं तोंड योग्य. झाड उपसून मुळं साध्या पाण्याने धुवा. चांगलं मूळ घट्ट आणि फिकट असतं. कुजलेलं काळं असतं आणि चिमटीत ओढलं की त्याची साल निसटून आतला दोरा हातात राहतो. स्वच्छ ब्लेडने निरोगी भाग लागेपर्यंत कापा. पांढरा चीक येईल, पाण्याचा फवारा मारला की थांबतो. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

नव्या भरावासाठी ३ भाग पक्क्या भाजलेल्या विटेचा चुरा, १ भाग धुतलेली जाड वाळू, १ भाग कोकोपीट. चुरा आधी गव्हाच्या चाळणीने, मग पिठाच्या चाळणीने चाळा. ज्वारीच्या दाण्याएवढा माल ठेवा आणि धूळ फेकून द्या. कच्च्या विटेचा चुरा घेऊ नका, तो पाण्यात विरघळून चिखल होतो. आपल्याकडची काळी माती तर अजिबात नको. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. उथळ कुंडीत पाण्याला निथळायला उंचीच मिळत नाही, तळाचा थर ओला राहतो. म्हणून माती जितकी बारीक तितका धोका मोठा. झाड तळाच्या भोकांतून ओवलेल्या तारेने कुंडीला बांधा, नाहीतर ते डुगडुगतं आणि नवी मुळं तुटत राहतात. वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैलसर घाला, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा, रोज दहा मिनिटं पिशवी काढून हवा लागू द्या. तीन-चार आठवड्यांत फांद्यांवरचे डोळे, म्हणजे नव्या पालवीचे कोंब, फुगलेले दिसले तर झाड वाचलं.

प्रश्न : नवी पानं पिवळी येतात, शिरा मात्र हिरव्या. मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर बसतो. पाणी सोसायटीच्या बोअरचं आहे. (पाथर्डी फाटा)

पांढरा थर क्षारांचा आहे. बोअरच्या जड पाण्यातला चुना मातीत साठत जातो, सामू (पीएच) वाढतो आणि मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. कोवळ्या पानांत पिवळेपणा आणि हिरव्या शिरा ही लोहाच्या कमतरतेची ओळख. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी होत असतील तर कारण वेगळं: बहुधा पाणी, कधी नत्र, कधी नुसतं पानाचं वय.

पाणी बदला. गंगापूर धरणातून येणारं नळाचं पाणी सहसा बोअरपेक्षा मऊ असतं. एसीतून ठिबकणारं पाणी आणि पावसाचं पाणी उत्तम. आरओ यंत्राच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची सवय अनेक घरांत आहे. मोठ्या बागेला ते कदाचित खपेल, बोन्सायला नाही, कारण यंत्राने गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. यंत्रात गेलेल्या मूळ पाण्यापेक्षाही ते वाईट.

साठलेले क्षार धुऊन काढायला कुंडी न्हाणीत ठेवा. कुंडीत मावेल त्याच्या तिप्पट-चौपट मऊ पाणी सावकाश ओता, दहा मिनिटं थांबा, पुन्हा तेवढंच ओता. वरची अर्धा सेंटिमीटर माती खरवडून नवी घाला. काठावरचा थर व्हिनेगर लावलेल्या जुन्या टूथब्रशने निघतो. व्हिनेगर मातीत सांडू देऊ नका.

लोहासाठी ईडीटीए चिलेटेड फेरस, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, घ्या. द्राक्षपट्ट्यात कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ते मिळतं. फवारणीचं प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम. घरच्या काट्यावर अर्धा ग्रॅम नीट मोजता येत नाही, म्हणून ५ ग्रॅम १ लिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १०० मिली घेऊन त्यात ९०० मिली साधं पाणी मिसळा. संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी परत एकदा. आधीच पिवळं पडलेलं पान पुरतं हिरवं होईलच असं नाही. फरक पुढच्या पालवीत बघा.

प्रश्न : ऑफिसच्या टेबलावरचं जुनिपर बोन्साय राखाडी पडत चाललंय. पाणी, खत सगळं वेळेवर आहे. (गंगापूर रोड)

जुनिपर घरात जगत नाही. विकणारे ‘इनडोअर’ म्हणून खुशाल विकतात, पण या झाडाला रोज काही तासांचं थेट ऊन, वारा आणि थंडीतली विश्रांती लागते. त्यातून ते फसवं: मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं, त्यामुळे टेबलावर राखाडी दिसेपर्यंत बहुधा निकाल लागलेला असतो. बुंध्याशी साल खरवडा. तिथेही तपकिरी असेल आणि पालवी बोटांनी चुरली की मोडत असेल तर झाड गेलं. हिरवं असेल तर आजच गॅलरीत, सकाळच्या उन्हात न्या आणि परत आत आणू नका. ऑफिसच्या टेबलाला फायकस घ्या, तेही टेबल खिडकीशी असेल तर.

प्रश्न : फायकसच्या पानांवर चिकट थर, पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके, आणि मुंग्या. द्राक्षाची बाग असल्याने मिलीबगचं औषध घरात आहेच. तेच फवारलं तर चालेल? (पिंपळगाव बसवंत)

ओळखलंत ते बरोबर, हा मिलीबगच, म्हणजे पिठ्या ढेकूण. पण बागेचं औषध बंद खोलीत फवारू नका. लहान मुलं वावरतात तिथे तर नाहीच. एका हातभर झाडाला त्याची गरजही नाही.

झाड बाकी कुंड्यांपासून लांब करा. मेडिकल दुकानातून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. आधी एकाच पानाला लावून दिवसभर थांबा, पान करपलं नाही तर पुढे जा. कान साफ करायच्या काडीने एकेक ठिपका भिजवून पुसून घ्या. कीड लपते कुठे ते महत्त्वाचं: पानाच्या देठाच्या बेचक्यात, वळण द्यायला गुंडाळलेल्या तारेखाली, कुंडीच्या काठाच्या आतल्या बाजूला आणि कधी थेट मुळांवर. तार असेल तर ती काढल्याशिवाय कीड जाणार नाही. तार उलगडू नका, वेढ्यावेढ्यावर कापून काढा. उलगडताना फांद्या मोडतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फवारा. १ लिटर कोमट पाण्याला ५ मिली निंबोळी तेल आणि १ ते २ मिली भांडी घासायचा लिक्विड साबण. तेल आधी साबणात घोटा, मगच पाण्यात घाला, नाहीतर ते वर तरंगतं आणि शेवटचे चार फवारे निव्वळ तेलाचे बसून पानं जळतात. माती प्लास्टिकने झाका, पानांच्या खालच्या बाजूला चांगला मारा. दर सात दिवसांनी, एकूण तीन ते चार वेळा. मेणचट कापसातली अंडी एका फवाऱ्याला दाद देत नाहीत, त्यातून पिल्लं निघाली की ती मारायची, म्हणून हा फेरा. भुरीसाठी (द्राक्षावरच्या पांढऱ्या बुरशीसाठी) आणलेलं गंधकही तुमच्याकडे असणार. ते तेलाच्या फवाऱ्याच्या आगेमागे दोन आठवडे वापरू नका, पानं भाजतात.

चिकट थर ही किडीची विष्ठा. तिच्यावरच काळी बुरशी धरते आणि तिच्यासाठीच मुंग्या येतात. ओल्या फडक्याने पानं पुसा. मुंग्या किडीला एका फांदीवरून दुसरीकडे नेतात आणि तिच्या शत्रूंना हाकलतात, त्यामुळे कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर ठेवून त्यांची वाट तोडा. कुंडीचा तळ पाण्याला टेकता कामा नये.

चिकटपणा नसेल, पण पानांवर बारीक फिकट ठिपक्यांची रांगोळी दिसत असेल तर लाल कोळी. पांढऱ्या कागदावर फांदी झटका; टिंबं चालू लागली की खात्री. एसीच्या कोरड्या हवेत आणि मार्च-एप्रिलमध्ये हा वाढतो. पानांचा खालचा भाग तीन-तीन दिवसांनी जोरदार पाण्याने धुतला तरी बराच आटोक्यात येतो.

प्रश्न : जेडची पानं सुरकुतली आहेत, हात लागला की गळतात. पाणी वाढवू का? (नाशिकरोड)

थांबा. सुरकुती तहानेची असते आणि कुजण्याचीही असते, कारण मुळं सडली की कुंडीत पाणी असूनही झाड तहानलेलंच. पान सुरकुतलेलं पण हिरवं आणि चिवट, खोड टणक: तहान. एकदा बुडवून पाणी द्या, काही दिवसांत पानं भरतात. पान पिवळट, पारदर्शक, मऊ आणि खोड मातीलगत दबतंय: सड. यात पाणी दिलंत तर संपलं.

सडीला उपाय कापणं हाच. टणक भागात आडवा काप घ्या. कापलेला भाग फिकट हिरवा आणि स्वच्छ दिसला पाहिजे. मध्ये तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा, दर वेळी ब्लेड अल्कोहोलने पुसून. वाचलेला शेंडा सावलीत चार-पाच दिवस तसाच उघडा ठेवा, जखम कोरडी होऊ द्या. मग कोरड्या, खडबडीत भरावात लावा आणि पहिलं पाणी आठवड्याने. थंडीत जेडला दोन-तीन आठवड्यांतून एकदा पाणी पुष्कळ झालं, पण खिडकी मात्र घरातली सर्वांत उजळ द्या. आपल्याकडे बारीक पानांचं, लालसर खोडाचं जे ‘जेड’ बोन्साय म्हणून मिळतं ते बहुधा पोर्तुलाकारिया असतं, खरं जेड नव्हे. उपचार दोघांनाही हाच.

प्रश्न : झाड अशक्त झालंय. १९:१९:१९ द्यावं, समुद्री शेवाळाचं टॉनिक, की ताक आणि चहाचा चोथा? आणि बोन्साय घरात ठेवणं अशुभ असतं म्हणतात, ते खरं का? (इंदिरानगर)

आजारी झाडाला यातलं काहीच नको. खत म्हणजे क्षार, आणि दुखावलेल्या मुळांना ते सोसत नाहीत. टोकं जळतात आणि झाड आणखी बसतं. नवी पालवी येऊन तिची पानं पूर्ण उघडली, रंग पक्का झाला, की मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही माती आधी ओली करून. मार्च ते ऑक्टोबर हा खताचा काळ, थंडीत बंद. ताकाने वास येतो. चोथ्याला बुरशी धरते आणि कुंडीतून बारीक चिलटं उठतात, ज्यांच्या अळ्या कोवळी मुळंही खातात. छाटणी आणि तार यांनाही तोवर सुट्टी.

शुभाशुभाचं म्हणाल तर झाडाच्या बाजूने खिडकी शुभ, टीव्हीशेजारचा कोपरा अशुभ.

प्रश्न : नाताळात दहा दिवस गावाला जायचंय. पाण्याची सोय कशी करावी? (सातपूर)

डिसेंबरात दहा दिवस फार नाहीत. निघायच्या दिवशी फायकस बुडवून, निथळवून पारदर्शक पिशवीत घाला आणि उजेडात, पण ऊन येणार नाही अशा जागी ठेवा. पिशवीवर ऊन पडलं तर आत झाड शिजतं. जेडला काहीच करू नका. कुंडी पाणी भरलेल्या ताटात ठेवून जाण्याचा मोह टाळा, दहा दिवस बुडालेला तळ म्हणजे सडीला आवतण. शेजाऱ्यांकडे किल्ली दिली असेल तर ‘रोज पाणी घाला’ असं सांगू नका; पाचव्या दिवशी काडी घालून बघायला आणि ती कोरडी असेल तरच पाणी घालायला सांगा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र वातीची सोय लागते. जाड सुती नाडी आधी पूर्ण भिजवा, एक टोक पाण्याच्या बादलीच्या तळाला जाईल असं खडा बांधून सोडा, दुसरं मातीत दोन इंच पुरा. बादली कुंडीपेक्षा थोडी उंचावर हवी. हे निघायच्या आदल्या रात्री करू नका. तीन दिवस आधी लावून बघा. मातीचा चिखल झाला तर बादली खाली सरकवा, कोरडी राहिली तर दुसरी नाडी जोडा.